सुट्टीच्या दिवशीचा तास

“आज मला कोण शाल देणार?” किर्स्टननं पोह्यांची बशी पुढं ओढत विचारलं.

“आज कुणी नाही. आज शाळा,” मी म्हटलं.

“नक्की?”

“नक्की. वाळिंबेसाहेबांनी शब्द दिलाय.”

ह्यांनी वर्तमानपत्रामागून मान बाहेर काढली. “वाळिंबेच्या शब्दावर जाऊ नकोस, शालन. मी नारळांसाठी आणखी एक कोपरा रिकामा करून ठेवलाय.”

किर्स्टनला मराठी कळत नव्हतं, पण ‘नारळ’ एवढा शब्द ती आल्याआल्या शिकली होती. ती खो खो हसायला लागली. तिला हसताना बघून हे हसायला लागले, आणि मग मीही. माझं इंग्रजी पाचवीच्या पुस्तकाएवढं. तिचंही शाळेत शिकलेलंच, फार तर सातवीच्या पुस्तकाएवढं असेल. त्यामुळे आमचं छान जमायचं. दोघींनाही मोठे शब्द येत नव्हते.

त्या हिवाळ्यात आमच्या सोनवड्याच्या क्लबनं परदेशी पाहुणे बोलावले होते. प्रत्येक पाहुणा आपापल्या धंद्यातला. त्यानं आपल्याच धंद्यातल्या माणसाच्या घरी राहायचं आणि त्याचं काम बघायचं, अशी योजना. दातांचा डॉक्टर आमच्या दातांच्या डॉक्टरकडे, दूधवाला दूधसंघाच्या मॅनेजरकडे. डेन्मार्कची शिक्षिका म्हणून किर्स्टन माझ्याकडे.

योजना फार चांगली होती. पण पाहुणा आला की काय करायचं, हे सोनवड्याला एकाच प्रकारे ठाऊक होतं. शाल, नारळ, हार, भाषण, चहा. दूधसंघात सत्कार, वाचनालयात सत्कार, बँकेत सत्कार, बँकेच्या वरच्या मजल्यावर पतपेढी होती म्हणून तिथंही सत्कार. त्या डॉक्टरपाहुण्याला तर दवाखान्यात एका पेशंटच्या हातून हार घातला. पेशंट बिचारा एका हातानं गाल धरून उभा होता, दुसऱ्या हातानं हार. डॉक्टर म्हणाला, याचा दात बघू का? तर आपले लोक म्हणाले, आधी भाषण होऊ द्या.

मला मात्र त्या शाळेच्या दिवसाची ओढ लागली होती, आणि ती का ते सांगते. येत्या एप्रिलअखेर मी निवृत्त होणार होते. सगळी नोकरी पहिली-दुसरीच्या मुलांत गेली. त्या सगळ्या काळात माझा एक अख्खा तास कुणी मोठ्या माणसानं बसून पाहिला नव्हता. तपासणीला साहेब यायचे, हजेरीपत्रक बघायचे, एखाद्या पोराला पाढा विचारायचे, चहा घेऊन जायचे. आणि ही किर्स्टन! तिच्या देशात तिची नोकरीच ती होती. नव्या शिक्षकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं, गप्प बसून बघायचं, आणि मग त्यांच्याशी बोलायचं. बघायची नोकरी! मला ते ऐकूनच कसंतरी झालं. म्हटलं, हिनं माझा एक तास बघायला हवा. चांगला म्हणो, वाईट म्हणो. बघू दे.

जीपचा हॉर्न वाजला. वाळिंबे दारात उभे. वाळिंबे म्हणजे बँकेचे मॅनेजर, बदलीवर आलेले, क्लबचे सेक्रेटरी. छातीवर बिल्ला, हातात कार्यक्रमपत्रिका, नजर घड्याळावर.

“बाई, चला. सकाळी शाळेत तुमच्या वर्गाचं निरीक्षण. तिथून थेट साखर कारखाना. चेअरमनसाहेब स्वतः गेटवर थांबणारेत. बँड सांगितलाय.”

“कारखान्यात सत्कार?” मी विचारलं.

“छोटासा.”

ह्यांनी मागून पिशवी पुढं केली. “नारळासाठी,” ते म्हणाले.

*

शाळेच्या गल्लीत शिरलो आणि मी कान टवकारले. आवाजच नव्हता. प्राथमिक शाळा कोपऱ्यावरून ऐकू येते. त्या दिवशी नुसती शांतता. फाटकाला आंब्याचे डहाळे, दारात गालिच्याएवढी रांगोळी, आणि पोर एकही नाही.

आमचे हेडमास्तर इनामदार सर हात जोडत पुढं आले. अंगात ठेवणीतला कोट.

“सर, मुलं?”

“सुट्टी दिली!” सर एवढ्या आनंदानं म्हणाले की मला क्षणभर राग येईना. “तुम्ही रजेवर होता ना बाई, काल जाहीर केलं. एवढ्या लांबून पाहुण्या शाळा बघायला येणार, म्हटलं मुलांची गडबड नको. वर्ग कसे स्वच्छ झालेत बघा तरी.”

“कुणीतरी पाठवून बोलवा की.”

“आता? सुट्टी म्हटल्यावर निम्मी पोरं नदीवर, निम्मी शेतावर. आता कुठली सापडतात?”

किर्स्टननं सरांना विचारलं, “मुलं कुठं आहेत?”

“हॉलिडे!” सर छाती काढून म्हणाले. “इन युवर ऑनर!”

तिला आधी समजलं नाही. समजल्यावर ती शाळेच्या पायरीवर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मीही हसले. काय करणार? पण हसता हसता माझ्या लक्षात आलं, की हा एकच दिवस होता. उद्या सकाळी पाहुणे पुढच्या गावाला.

सत्कार माझ्याच वर्गात ठेवला होता. बस्करपट्ट्या गुंडाळून भिंतीला लावलेल्या, मधे लग्नातल्या खुर्च्या. खुर्च्यांवर सगळं सोनवडं. औषधांच्या दुकानाचे तांबोळी, वकील दीक्षित, दूधसंघाचे मॅनेजर, आणि मधोमध क्लबचे अध्यक्ष रमाकांत शेटे. शेट्यांचं हार्डवेअरचं दुकान. खिळ्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंतचा हिशेब हा माणूस कागदाला हात न लावता तोंडी करायचा. बाजारपेठेत त्यावर पैजा लागायच्या.

शेट्यांनी शिक्षणाचं महत्त्व या विषयावर भाषण केलं. ते बराच वेळ चाललं. मग शाल झाली, नारळ झाला, अध्यक्षांनाही एक हार झाला. मग वाळिंबे म्हणाले, पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत.

किर्स्टन उठली. “शाल सुंदर आहे,” ती म्हणाली. “मला शालनला शिकवताना बघायचं होतं. त्यासाठी मी आले होते. पण बहुतेक ते शक्य नाही. धन्यवाद.”

आणि कडकडून टाळ्या पडल्या.

तिला वाईट वाटलं होतं, आणि हे लोक टाळ्या वाजवत होते! ती टाळी मला झोंबली. मी उठले ते आभार मानायला. कार्यक्रमपत्रिकेत ‘आभार : सौ. शालन गुळवणी’ असं होतंच. उभी राहिले, समोर पाहिलं. शेटे. तांबोळी. दीक्षित. दूधसंघाचा पाटील. एकेक चेहरा मी बघत गेले, आणि त्या मिशांखाली आणि चष्म्यांमागे मला एकेक पोर दिसायला लागलं. यातला एक वाळिंबे सोडला तर सगळे याच खोलीत, याच खिडकीखाली बसले होते.

“रम्या,” मी म्हणाले.

अध्यक्ष दचकून उभे राहिले. “जी बाई?”

“त्या खुर्च्या बाहेर काढ. तांबोळी, बस्करपट्ट्या अंथर. चपला दाराबाहेर, नीट जोडीनं. तास सुरू झालाय.”

कुणी हललं नाही. मग मागून दीक्षित वकील बारीक आवाजात म्हणाला, “बाई, पँटची इस्त्री…”

“तुझी इस्त्री पहिलीपासून तशीच आहे. बस खाली.”

आणि काय सांगू, सोनवडं खाली बसलं! गुडघे कटाकट वाजले. खुर्च्या बाहेर गेल्या. इनामदार सरांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि पुढच्या ओळीत मांडी घातली. किर्स्टन एका क्षणात सगळं समजली. शाल घडी करून बाजूला ठेवली, आणि जाऊन सगळ्यांच्या मागं भिंतीला टेकून बसली. बघायच्या जागेवर.

“बाई,” वाळिंबे दारातून म्हणाले, “चेअरमनसाहेब…”

“वाळिंबेसाहेब, आत तरी या नाहीतर बाहेर तरी थांबा. दारात उभं राहायचं नाही. उजेड अडतो.”

ते आत आले.

*

आता शिकवायचं काय? वजाबाकीचा धडा मी मुलांसाठी तयार ठेवला होता. पण या लोकांना वजाबाकी येत होती. ज्याला येतं त्याला शिकवून काय दिसणार? मी कपाटातून खराट्याच्या काड्यांचा डबा काढला आणि ओळींमध्ये ओतला.

“आज आपण एका वेगळ्या गावात आहोत,” मी म्हणाले. “या गावात माणसाला एकच हात. त्यामुळे इथं कुणी दहापर्यंत मोजत नाही. पाच काड्या झाल्या की जुडी बांधायची. सुट्ट्या काड्या कधीच पाच ठेवायच्या नाहीत. चला, बांधा.”

एकदम कल्ला झाला. दोरा कुठाय, माझ्या काड्या कमी आहेत, बाई पाटलानं माझ्या घेतल्या. पाटील म्हणाला, त्याच्याच घरंगळून आल्या. तांबोळीची जुडी सहाची निघाली, सगळा वर्ग हसला, तांबोळीनं शेजारच्याला कोपर मारलं. मी काही बोलले नाही. वर्ग पहिल्यांदा असाच उकळतो. आपण झाकण लावायचं नाही, आपोआप खाली बसतो.

मग मी फळ्यावर दोन घरं काढली. डावं घर जुड्यांचं, उजवं सुट्ट्यांचं. डाव्या घरात तीन लिहिले, उजव्यात एक.

“रमाकांत, ये. तीन जुड्या आणि एक सुटी काडी घेऊन ये. यातल्या चार काड्या मला दे. आणि काय उरलं ते फळ्यावर लिही.”

शेटे रुबाबात आला. काड्यांकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. खडू घेतला आणि एका झटक्यात लिहिलं : डावीकडं दोन, उजवीकडं सात.

“एकतीसातून चार गेले, सत्तावीस,” तो म्हणाला. “बाई, हे काय विचारणं झालं?”

मी काही पुसलं नाही. “मोज,” म्हटलं.

“काय मोजू?”

“आधी तुझ्याकडं किती काड्या होत्या?”

त्यानं मोजल्या. पाच, दहा, पंधरा आणि एक. “सोळा.”

“आणि फळ्यावर लिहिलंस ते किती?”

दोन जुड्यांच्या दहा, आणि सात सुट्ट्या. त्याच्या ओठांची हालचाल थांबली.

“सतरा,” मागून पाटील ओरडला. “सोळा होत्या, चार दिल्या, सतरा उरल्या! रमाकांत, तुझ्या दुकानात मला भागीदार करून घे!”

वर्ग असा फुटला, की इनामदार सर हसता हसता वकिलाच्या मांडीवर कलंडले. शेट्याचे कान लाल झाले. तो सतराचं काय करावं म्हणून फळ्याकडं बघत राहिला, आणि मग त्यानं माझ्याकडं बघितलं.

मी खिडकीबाहेर बघितलं.

वर्गातलं हसू हळूहळू ओसरलं. काड्या चाळवल्याचा आवाज आला. खडूचा आवाज आला, मग बोटानं पुसल्याचा.

“रम्या, सोड की…” तांबोळीला राहवेना.

“ज्याला येतंय त्यानं हाताची घडी, तोंडावर बोट,” मी खिडकीकडं बघतच म्हणाले.

डोळ्याच्या कोपऱ्यातून मला दिसलं, सोनवड्याच्या यच्चयावत प्रतिष्ठितांनी हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. मागं किर्स्टननंही ठेवलं.

“बाई,” वाळिंबे कुजबुजले, “तिकडं बँड उभा आहे.”

“बसू दे.”

“चेअरमनसाहेबांना काय सांगू?”

“सांगा, रमाकांतचं गणित व्हायचंय.”

वाळिंबे काही म्हणणार होते. पण सगळे तोंडावर बोट ठेवून त्यांच्याकडं बघायला लागले. त्यांनीही सवय नसल्यासारखं एक बोट हळूच ओठांवर नेलं.

किती वेळ गेला, मला माहीत नाही. लोकांना वाटतं वाट बघणं म्हणजे काही न करणं. तसं नसतं, पण ते बाहेरून दिसत नाही. मला मागं वळायचा इतका मोह होत होता, की मी खिडकीचा गज धरून ठेवला होता. शेवटी अध्यक्ष शेटे धप्पकन खाली बसल्याचा आवाज आला. परीटघडीचा सदरा, गळ्यात मघाचा हार, आणि तसाच मांडी घालून बसला असणार. मग दोऱ्याला दात लावून ओढल्यासारखा आवाज झाला.

आणि मग तो हसला. मोठ्यानं नाही. ज्याला आपल्याच खिशात हरवलेली किल्ली सापडते ना, तसा.

“जुडी सोडायची!” तो म्हणाला. “बाई, एक जुडी सोडायची! पाच आणि ही एक, सहा. चार तुमच्या. दोन उरल्या. आणि न सोडलेल्या जुड्या दोन. दोन आणि दोन!”

मी वळले. त्यानं फळ्यावर दोन आणि दोन एवढे मोठे लिहिले की घराच्या रेघा ओलांडून गेले.

“मोज,” मी म्हटलं.

“मोजायला कशाला पाहिजे? बारा आहेत! सोळातून चार, बारा!” आणि तरी त्यानं मोजल्या. मोठ्यानं. बारा झाल्यावर तो माझ्याकडं न बघता थेट वर्गाकडं वळला. “आलं रे!” आणि मग हातवारे करत तांबोळीला जुडी कशी सोडायची ते समजवायला लागला. तांबोळी म्हणाला, मला मघाशीच आलं होतं. शेटे म्हणाला, आलं होतं तर सहाची जुडी कुणी बांधली? पाटील हात वर करून ओरडत होता, बाई मी, बाई आता मी, मला अवघड द्या. इनामदार सर उभे राहून दोन्ही हात वर करत होते. त्या गोंधळात किर्स्टन कधी पुढं आली कळलं नाही. तिनं तोंडावरचं बोट काढलं आणि हात वर केला.

मी तिला फळ्याकडं बोलावलं. चार जुड्यांतून तीन काड्या तिला पाटलाला द्यायच्या होत्या. मराठीचा एक शब्द न येता तिनं जुडी सोडली, आणि साऱ्या वर्गानं एकसुरात मोजून टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी मला आवडलेली ती पहिलीच टाळी.

*

जीपमध्ये आम्ही दोघी मागं, वाळिंबे स्वतः गाडी चालवत होते. उशिराबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस. किर्स्टन उसाकडं बघत बसली होती. तास बघून झाल्यावर ती अशीच बसत असेल, असं वाटलं. परीक्षेच्या निकालाला बसल्यासारखी मी पदराचं टोक पिळत होते. म्हटलं, आता म्हणेल, छान होतं, फार मजा आली. सगळे तेच म्हणतात. मी स्वतःला बजावलं, तेवढं म्हणाली तरी पुष्कळ आहे.

“मला एक विचारायचंय,” ती म्हणाली. “त्यानं चुकीचं लिहिलं आणि तुझ्याकडं बघितलं. तेव्हा तू खिडकीबाहेर बघितलंस. बाहेर काय होतं?”

“बाहेर?” मी गडबडले. “काही नाही. एक शेळी होती.”

“मी तुझ्या मागोमाग बघितलं,” ती म्हणाली. “शेळी निघून गेली. तू तरी बाहेरच बघत होतीस. मग मी त्याच्याकडं बघितलं. तू तोंड फिरवलंस त्यानंतरच त्यानं काड्यांना हात लावला.” ती माझ्याकडं वळून बसली. “का?”

कुणी विचारलंच नव्हतं हो. सगळ्या नोकरीत कुणी नाही. घरी ह्यांनी नाही, सहशिक्षकांनी नाही, साहेबांनी नाही. मीसुद्धा ते कधी तोंडानं बोलले नव्हते. इंग्रजीत सोडाच, मराठीतही त्यासाठी वाक्य नव्हतं माझ्याजवळ. पाचवीच्या पुस्तकातले शब्द मी एकेक करून गोळा केले.

“मूल उत्तर फळ्यावर शोधत नाही,” मी म्हणाले. “माझ्या तोंडावर शोधतं. म्हणून मी तोंड काढून घेते.”

किर्स्टननं ते वाक्य हळू आवाजात एकदा म्हणून पाहिलं. “तोंड काढून घेतेस,” ती म्हणाली. “आणि मूल रडायला लागलं तर?”

“मग वेगळं!” मी म्हणाले, आणि माझा बांधच फुटला. रडणाऱ्या मुलाकडं कसं बघायचं ते सांगितलं. चुकीचं उत्तर मी का पुसत नाही ते सांगितलं. सगळ्यांत हुशार पोराला दाराजवळ का बसवते ते सांगितलं. शब्द सापडेना तिथं मराठी घातलं, मराठीही पुरेना तिथं हात हलवले. ती मधेच थांबवायची, “थांब, थांब, हे पुन्हा सांग,” आणि तिच्या वर्गातलं काही सांगायची. मग मी ओरडायचे, “हो! तसंच! आमच्याकडंही तसंच!” दोघी एकदम बोलायला लागलो आणि एकदम हसायला लागलो. माझं वय त्या वेळी सत्तावन्नच्या पुढं होतं. मी शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरीसारखी आरडत होते.

समोर कारखान्याची चिमणी दिसली. गेटवर कमान, कमानीखाली चेअरमनसाहेब, बाजूला झालरीचे कोट घातलेला बँड. जीप दिसताच बँडनं सुरुवात केली. ताशा कडाडला. चेअरमनसाहेब शालीची घडी उलगडून पुढं आले.

वाळिंब्यांनी वेग कमी केला. आरशातून आमच्याकडं बघितलं.

“बाई,” ते म्हणाले, “एक विचारू? आमचा धाकटा आहे. त्याला सगळं येतं, पण विचारलं की बोलत नाही. गप्प उभा राहतो. त्याला काय करायचं?”

“तुम्ही विचारल्यावर कुठं बघता?” मी विचारलं.

“त्याच्याकडंच की.”

“कसं?”

वाळिंब्यांनी आरशात स्वतःकडं बघितलं. किर्स्टन पुढं वाकून म्हणाली, “काय म्हणाले ते? मलाही सांग.”

“हे लांबेल,” मी दोघांनाही म्हणाले.

जीप कमानीसमोरून सावकाश पुढं गेली. बँडवाले वाजवता वाजवता मान वळवून बघत राहिले. चेअरमनसाहेब शाल पसरलेल्या हातांनी आमच्याबरोबर चार पावलं चालले, आणि थांबले. वाळिंब्यांनी गिअर टाकला.

“सांगा बाई,” ते म्हणाले.